जर्मन मायनर घेताय? आधी तासांचा हिशेब मांडा

पदवीच्या मुख्य विषयासोबत मायनर, म्हणजे जोडविषय म्हणून जर्मन घेतलं की तीन वर्षांत भाषा, साहित्य आणि संस्कृती असं तिन्ही पदरात पडेल, अशी समजूत माहितीपत्रक वाचून होते. तासांचा हिशेब मांडला की चित्र वेगळं दिसतं. तो हिशेब फॉर्म भरण्याआधीच मांडलेला बरा.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीत मायनरला साधारण १८ ते २० क्रेडिट मिळतात. विद्यापीठागणिक थोडं वर-खाली होतं. तासिकांच्या पेपरात एक क्रेडिट म्हणजे १५ तास, म्हणजे चार क्रेडिटांचा पेपर ६० तासांचा आणि असे पाच पेपर मिळून ३०० तास. आता दुसरी बाजू. जर्मन भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ अशा चढत जातात. भारतात मॅक्स म्युलर भवन म्हणून ओळखली जाणारी गटे इन्स्टिट्यूट या पातळ्यांसाठी ४५ मिनिटांच्या तासिका मोजते. शून्यापासून धरलं तर ए१ला ८० ते २००, ए२पर्यंत २०० ते ३५०, बी१पर्यंत ३५० ते ६५० आणि बी२पर्यंत ६०० ते ८०० तासिका लागतात, असा तिचा अंदाज आहे.

तुमचे ३०० तास म्हणजे अशा ४०० तासिका. पण पाचही पेपर भाषेचे नसतात. समजा तीन भाषेचे, एक साहित्याचा आणि एक संस्कृतीचा आहे. मग भाषेला उरतात १८० तास, म्हणजे २४० तासिका. एवढ्यात फार तर ए२ जेमतेम पुरं होतं. साहित्याचा पेपर मात्र बी१च्या आसपास पोचलेल्याला झेपेल असाच असतो. घोडं अडतं ते इथे. मग वर्गात काफ्कासारखा जर्मनमध्ये लिहिणारा लेखक इंग्रजी अनुवादातून वाचला जातो, उत्तरं नोट्समधून पाठ केली जातात आणि तीन वर्षांनंतर हातात जर्मनची गुणपत्रिका असते, पण जर्मन नसतं.

ही तूट भरून काढता येते. बी१साठी मधला आकडा म्हणून ५०० तासिका धरा, म्हणजे ३७५ तास. त्यातले १८० वर्गात मिळाले, १९५ कमी पडले. पाच सत्रं आणि प्रत्येक सत्राचे १५ आठवडे धरले तर ७५ आठवडे होतात. आठवड्याला २ तास ३६ मिनिटं. रविवार सोडून रोज अर्धा तास दिला की काम झालं, वर थोडं शिल्लकही राहतं. परीक्षेच्या आदल्या महिन्यात रोज चार तास बसून हे भरून निघत नाही, कारण शब्द आणि विभक्ती झोपेतून उठवलं तरी आठवायला हव्यात, आणि ते थोडं थोडं रोज केल्यानेच होतं.

फॉर्म भरण्याआधी

कॉलेजात जाऊन विभागप्रमुखांना चार-पाच गोष्टी थेट विचाराव्यात.

पहिला प्रश्न: मायनर शून्यापासून सुरू होतं का? पुण्या-मुंबईत बऱ्याच जणांनी शाळेत किंवा अकरावी-बारावीला जर्मन घेतलेलं असतं. तुम्ही नवखे असाल आणि वर्गात निम्मी मुलं दोन वर्षं शिकलेली असतील, तर शिक्षकांचा वेग त्यांच्याकडे झुकतो. उलट तुम्हीच शिकलेले असाल, तर पहिलं वर्ष पुन्हा ‘माझं नाव अमुक’ म्हणण्यात जाईल. दोन्ही बाबतींत पातळी तपासून वेगळी बॅच मिळते का, ते विचारा.

दुसरा प्रश्न साहित्याच्या पेपरचा: उत्तरं कोणत्या भाषेत लिहायची? जर्मनमध्ये, इंग्रजीत की दोन्ही चालतं? यावर तुमच्या तिसऱ्या वर्षाची सगळी आखणी ठरते. तिसरा, मायनर नक्की कोणत्या सत्रात सुरू होतं आणि मधल्या एखाद्या सत्रात खंड पडतो का? भाषेत सहा महिन्यांचा खंड महागात पडतो. चौथा, मुख्य विषयाच्या प्रॅक्टिकलशी वेळापत्रक धडकतं का? विज्ञान शाखेच्या मुलांनी हे आधी बघावं. दुपारचं प्रॅक्टिकल आणि जर्मनचा तास एकाच वेळी आला की हजेरी जर्मनचीच जाते.

बाहेरून ए१ किंवा ए२चं प्रमाणपत्र घेतलं तर त्याचे क्रेडिट मिळतात का, हेही विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ‘होऊन जाईल, बघू’ हे उत्तर नव्हे.

ओपन इलेक्टिव्ह म्हणून मिळणारं जर्मन वेगळं आणि मायनर वेगळं. इलेक्टिव्ह म्हणजे सुटा ऐच्छिक पेपर; त्याचे दोन-चार क्रेडिट असतात आणि त्यात बहुधा ए१सुद्धा पुरतं होत नाही. तुमच्या कॉलेजात मायनर नसेल, तर भाषा बाहेरून करण्याचा रस्ता आहे. पुण्यात विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागाचे, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत, मुंबई विद्यापीठाचा जर्मन विभाग कालिन्याला आहे आणि मॅक्स म्युलर भवनं दोन्ही शहरांत आहेत. पण त्याला पदवीतलं मायनर म्हणता येणार नाही, आणि साहित्याचा भाग स्वतःच करावा लागेल.

पहिलं वर्ष: तोंड, कान आणि शब्दांची वही

पहिले तीन आठवडे उच्चारांना द्या. इंग्रजीच्या सवयीने वाचायची खोड एकदा लागली की पुढे निघत नाही. मराठी माणसाला इथे आयती मदत आहे. जर्मन झेड म्हणजे आपल्या ‘चाक’ आणि ‘चूक’मधला दंततालव्य च. ‘त्साइट’ (वेळ) हा शब्द तसाच म्हणायचा. इंग्रजी झूमधला झेड इथे चालत नाही. डब्ल्यू म्हणजे व, व्ही म्हणजे बहुतेक वेळा फ. शब्दाच्या सुरुवातीला एस-टी आणि एस-पी आले की श्ट आणि श्प. शब्दाच्या शेवटी लिहिलेला ड, ब, ग हा ट, प, क असा कडक होतो, म्हणून कुत्रा ‘हुंट’. सीएच या जोडीचे दोन उच्चार आहेत: आ, ओ, उ, आउ यांच्यानंतर घशातला घासलेला ख, जसं ‘बूख’, इ, ए यांच्यानंतर श-सारखा मऊ, जसं ‘इश’.

खरी मेहनत दोन बिंदू असलेल्या स्वरांवर. ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल ठेवा आणि आतून ‘ई’ म्हणा, की यूवरचा बिंदूवाला स्वर निघतो. ओठ ‘ओ’चे आणि आवाज ‘ए’चा, हा दुसरा. आरशासमोर करा, लाजू नका. हे बिंदू म्हणजे सजावट नाही. ‘शोन’ म्हणजे ‘आधीच’ आणि बिंदूवालं ‘श्योन’ म्हणजे ‘सुंदर’. ‘कॉन्टं’ म्हणजे ‘करू शकला’, ‘क्योन्टं’ म्हणजे ‘करू शकेल, करू शकला असता’. उत्तरपत्रिकेत बिंदू विसरलात की वाक्याचा अर्थ बदलतो आणि गुण जातो. संगणकावर विंडोजमध्ये ऑल्ट दाबून ०२२८, ०२४६, ०२५२ टाइप केलं की ए, ओ, यू ही तिन्ही छोटी बिंदूवाली अक्षरं येतात आणि ०२२३ने दुहेरी एसचं चिन्ह. फोनवर अक्षर दाबून धरलं तरी पुरतं.

शब्दांची वही करताना नाम कधीही एकटं लिहू नका. सोबत त्याचं उपपद (पुल्लिंगी डेर, स्त्रीलिंगी डी, नपुंसकलिंगी डास) आणि अनेकवचन हवंच: ‘डेर टिश, डी टिशं’. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, त्यामुळे ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. पण घात तिथेच होतो, कारण आपण मराठी लिंग गुपचूप पुढे नेतो. सूर्य आपल्याकडे तो, जर्मनमध्ये ‘डी झोनं’ स्त्रीलिंगी. टेबल आपल्याकडे ते, तिथे ‘डेर टिश’ पुल्लिंगी. खुर्ची ती, पण ‘डेर श्टूल’ पुल्लिंगी. पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी निघतं, हा नुसता योगायोग.

शेवटावरून ओळखता येणारी लिंगं मात्र पाठ करण्यासारखी आहेत. उंग, हाइट, काइट, शाफ्ट, त्सिओन, टेट यांनी संपणारी नामं स्त्रीलिंगी. ‘लिंग’ आणि ‘इस्मुस’ या अक्षरांनी संपणारी पुल्लिंगी. वार, महिने, ऋतू पुल्लिंगी. शेन आणि लाइन हे लघुत्वदर्शक प्रत्यय लागले की नाम नपुंसकलिंगीच, मग अर्थ काहीही असो; म्हणूनच मुलगी ‘डास मेडशेन’ होते. वासरू, पिल्लू, लेकरू हे नपुंसकलिंगी म्हणणाऱ्यांना याचं आश्चर्य वाटू नये.

शब्द किती हवेत? गटे इन्स्टिट्यूटच्या याद्यांमध्ये ए१ला सुमारे ६५०, ए२ला १३०० आणि बी१ला २४०० शब्द आहेत. त्या याद्या तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज दहा नवे शब्द आणि जुन्यांची उजळणी एवढं पुरे. तीस-तीस शब्द करणारे पंधरवड्यात थकतात आणि उजळणी साचत जाते. कागदी कार्डं करा किंवा अँकीसारखं ॲप वापरा, पण कार्डं स्वतः लिहिलेली असू द्या. दुसऱ्याची तयार हजार कार्डं उतरवून घेतली की ती नुसती फोनमध्ये पडून राहतात.

ऐकण्यासाठी डॉइचं वेलं या जर्मन प्रसारण संस्थेची ‘निकोस वेग’ ही मोफत मालिका ए१पासून बी१पर्यंत जाते. तिचा एक छोटा भाग तीनदा बघायचा: आधी नुसता, मग जर्मन उपशीर्षकांसह, मग पात्रांसोबत मोठ्याने बोलत. इंग्रजी उपशीर्षकं लावली की कान बंद होतात आणि डोळे वाचत बसतात.

दुसरं वर्ष: ‘ला’ची गडबड

गळती सगळ्यात जास्त इथे होते, आणि कारण बहुधा विभक्ती. जर्मनमध्ये चारच आहेत: प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी. नाम फारसं बदलत नाही, उपपद बदलतं. द्वितीयेत तर फक्त पुल्लिंगी एकवचन हलतं, ‘डेर’चं ‘डेन’ होतं. बाकी जसंच्या तसं. चतुर्थीत डेर आणि डास दोन्हींचं ‘डेम’, डीचं ‘डेर’, आणि अनेकवचनाचं ‘डेन’, सोबत नामाला बहुधा एक न. एवढा तक्ता एका संध्याकाळी पाठ होतो. अडचण आहे ती कुठली विभक्ती कुठे, यात.

मराठीत ‘ला’ दोन्ही कामं करतो. ‘मी त्या माणसाला बघतो’ आणि ‘मी त्या माणसाला पुस्तक देतो’ या दोन्ही वाक्यांत ‘माणसाला’ आहे. जर्मनमध्ये पहिल्यात द्वितीया, ‘डेन मान’, आणि दुसऱ्यात चतुर्थी, ‘डेम मान’. ताळा असा: क्रियापदाला ‘काय?’ असं विचारा. ‘देतो’ला काय देतो याचं उत्तर ‘पुस्तक’ मिळालं, म्हणजे पुस्तक द्वितीयेत आणि ज्याला दिलं तो चतुर्थीत. ‘बघतो’ला दुसरं काही कर्म नाही, म्हणजे माणूस स्वतःच द्वितीयेत. हा ताळा बहुतेक ठिकाणी चालतो, पण काही क्रियापदं हटवादी आहेत. ‘हेल्फेन’ (मदत करणं), ‘डांकेन’ (आभार मानणं), ‘आंटवोर्टेन’ (उत्तर देणं) यांना चतुर्थीच लागते आणि ‘फ्रागेन’ला (विचारणं) द्वितीया. म्हणून क्रियापद वहीत लिहिताना त्याची विभक्तीही शेजारी लिहा.

‘आवडणं’ मात्र मराठीवरून शिका, इंग्रजीवरून नको. ‘डास बूख गेफेल्ट मिअर’ म्हणजे शब्दशः ‘पुस्तक मला आवडतं’. कर्ता पुस्तक, आवडणारा माणूस चतुर्थीत, आणि पुस्तकं अनेक झाली की क्रियापदही अनेकवचनी. इंग्रजीतून विचार करणारे इथे वर्षभर चुकत राहतात.

नामाच्या आधी येणाऱ्या अव्ययांचे (‘सोबत’, ‘साठी’ अशा अर्थाच्या) तीन मुख्य गट आहेत. आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फोन, त्सू यांच्यानंतर चतुर्थी. डुर्श, फ्यूर, गेगेन, ओनं, उम यांच्यानंतर द्वितीया. तिसऱ्या गटातली नऊ अव्ययं दोन्हीकडे जातात आणि तिथे पुन्हा मराठी दगा देते: ‘पुस्तक टेबलावर आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर ठेव’ यांत आपला ‘वर’ एकच. जर्मनमध्ये पहिलं ‘आउफ डेम टिश’, दुसरं ‘आउफ डेन टिश’. वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी गेली तर द्वितीया, नाहीतर चतुर्थी. लक्षात ठेवा, नुसती हालचाल पुरेशी नाही. ‘मी बागेत फिरतो’ यात पाय चालतात, पण माणूस बागेतच आहे, म्हणून चतुर्थी.

वाक्यरचनेत उलट गंमत आहे. ‘वाइल’ (कारण) किंवा ‘डास’ (की) याने सुरू होणाऱ्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं: ‘वाइल इश काइनं त्साइट हाबं’ (कारण मला वेळ नाही). सगळे याला घाबरतात, पण मराठी कानाला हे ओळखीचं आहे, आपलं क्रियापद नेहमी शेवटीच असतं. चूक होते ती साध्या वाक्यात. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या स्थानी खिळलेलं असतं; सुरुवातीला ‘आज’ आलं की कर्ता मागे सरकतो: ‘हॉयटं गेहं इश इन्स किनो’ (आज मी सिनेमाला जातो). ‘हॉयटं इश गेहं’ ही चूक इंग्रजीतून येते आणि तिसऱ्या वर्षाच्या पेपरातही सापडते. रोज पाच वाक्यं ‘आज’, ‘काल’, ‘पुण्यात’, ‘सकाळी’ अशा शब्दांनी सुरू करून मोठ्याने म्हणा. महिनाभरात जीभ वळते.

विशेषणांच्या प्रत्ययांचे तक्ते दुसऱ्या वर्षीच पूर्ण पाठ करायचा हट्ट करू नका. बी१च्या लेखी परीक्षेत तिथली एखादी चूक खपून जाते; क्रियापदाची जागा चुकली तर वाक्यच कळत नाही.

साहित्याचा पेपर

कथा हातात घेण्याआधी एक काम उरकून टाका. वर्गात भूतकाळ शिकवतात तो बोलण्यातला, ‘हाबेन’ किंवा ‘झाइन’ हे सहायक क्रियापद लावून होणारा. कथा-कादंबऱ्या लिहिल्या जातात दुसऱ्याच भूतकाळात, ज्याला प्रेटेरिटुम म्हणतात. ‘गेहेन’ (जाणं) चं ‘गिंग’, ‘कॉमेन’ (येणं) चं ‘काम’, ‘लीगेन’ (पडून असणं) चं ‘लाग’. ज्याला हे रूप ओळखता येत नाही, त्याला पहिल्याच ओळीत शब्दकोश उघडावा लागतो आणि शब्दकोशात ‘गिंग’ थेट भेटेलच असं नाही. अनियमित क्रियापदं ५० पाठ करा, प्रत्येकाची तीन रूपं. आठवडाभराचं काम आहे, आणि नंतर वाचनाचा वेग दुप्पट झाल्यासारखा वाटतो.

दुसरा सापळा तुटणाऱ्या क्रियापदांचा. ‘आउफह्योरेन’ म्हणजे थांबवणं. वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात आणि ‘आउफ’ थेट शेवटी जाऊन बसतं: ‘एर ह्योर्ट मिट डेर आर्बाइट आउफ’, तो काम थांबवतो. विद्यार्थी ‘ह्योरेन’ (ऐकणं) शोधतो आणि ‘तो कामासोबत ऐकतो’ असं काहीतरी लिहून येतो. नियम करा: क्रियापद शोधण्याआधी वाक्याचा शेवटचा शब्द बघायचा.

काय वाचावं? अभ्यासक्रमात असेल ते वाचावंच लागेल, पण क्रम तुमच्या हाती आहे. ए२ला स्विस लेखक पेटर बिक्सेल याची ‘आइन टिश इस्ट आइन टिश’ ही १९६९ची कथा झेपते. वाक्यं छोटी, शब्द रोजचे. ग्रिम बंधूंच्या परीकथा, पहिला खंड १८१२चा, प्रेटेरिटुमच्या सरावाला उत्तम. गोष्ट आधीच माहीत असल्याने अडत नाही. त्यानंतर वोल्फगांग बोर्शर्ट. काफ्काचं ‘फोर डेम गेझेत्स’ (१९१५) फक्त दीड-दोन पानांचं, पण ते शेवटच्या सत्रासाठी ठेवा: शब्द सोपे, अर्थाला तळ नाही. नाटकात ड्यूरेनमाट याचं ‘डेर बेझूख डेर आल्टेन डामं’ (१९५६). कवितेत गटेची ‘एर्लक्योनिश’ (१७८२) घ्या. निवेदक, बाप, मुलगा आणि भूतराजा असे चार आवाज वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करा आणि संगीतकार शुबर्टने १८१५ मध्ये दिलेली चाल ऐका, गायक आवाज कसे बदलतो ते कानाला कळतं. काफ्का प्रागचा, ड्यूरेनमाट आणि बिक्सेल स्वित्झर्लंडचे. जर्मन साहित्य म्हणजे फक्त जर्मनीचं, ही चूक प्रस्तावनेतच करून बसू नका.

बोर्शर्टची (१९२१–१९४७) ‘डास ब्रोट’ (पाव) ही कथा कशी वाचायची, ते जरा जवळून बघू. युद्धानंतरचे उपासमारीचे दिवस, रात्री स्वयंपाकघरात आवाज होतो, बायको उठून बघते तर नवऱ्याने चोरून पाव कापलाय. वेळ दिली आहे ‘हाल्प ड्राय’. हे अडीच, साडेतीन नव्हे. जर्मन माणूस पुढच्या तासाकडे बघून अर्धा मोजतो. ही चूक दर वर्षी कुणीतरी करतंच.

पहिल्यांदा शब्दकोश बंद ठेवून शेवटपर्यंत वाचा आणि मराठीत तीन ओळींत लिहा की घडलं काय. दुसऱ्यांदा फक्त क्रियापदं अधोरेखित करून अर्थ लावा. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन पुन्हा पुन्हा येणारे शब्द आणि वाक्यं टिपा. इथे दोघंही आवाज बाहेरून आला असेल, असं एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगतात. नवरा खोटं बोलतो, बायकोला ते कळतं आणि तीही त्याच्या खोट्याला साथ देते. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या वाटचा एक तुकडा त्याला देते आणि आपल्याला पाव पचत नाही म्हणते. म्हणजे शेवटी खोटं बोलते तीही.

आता परीक्षेत ‘कथेचा विषय भूक आहे’ एवढं लिहिणाऱ्याला काठावरचे गुण मिळतात. ‘खोटं बोलणं पहिल्यांदा नातं पोखरतं आणि दुसऱ्यांदा सावरतं’ असं म्हणून, त्याला कथेतले दोन संवाद जोडणाऱ्याला चांगले. जर्मनमध्ये उत्तर लिहायचं असेल तर पाच वाक्यांचा सांगाडा बसवून ठेवा: लेखक आणि साल, काय घडतं, माझा मुद्दा, कथेतला पुरावा, शैलीतली एक गोष्ट. बी१च्या जर्मनमध्ये हे पाचही नीट लिहिता येतं. लांबलचक वाक्यांच्या मागे लागलात की क्रियापद हरवतं.

पुस्तकांसाठी रेक्लाम प्रकाशनाच्या खिशात मावणाऱ्या पिवळ्या आवृत्त्या स्वस्त आणि ओळींना क्रमांक असलेल्या असतात, त्यामुळे संदर्भ देणं सोपं जातं. मॅक्स म्युलर भवनाच्या ग्रंथालयात सोप्या केलेल्या आवृत्त्याही मिळतात. त्या सरावाला घ्या, पण परीक्षेत त्यातलं वाक्य मूळ म्हणून देऊ नका. शब्दकोशासाठी डुडेन आणि डीडब्ल्यूडीएस ही संकेतस्थळं भरवशाची. डीपएलसारख्या अनुवादयंत्राकडून किंवा चॅटबॉटकडून उत्तर लिहून घेतलेलं शिक्षकांना लगेच कळतं: तोंडी परीक्षेत ‘माझं गाव’ सांगताना अडखळणारा विद्यार्थी गृहपाठात अप्रत्यक्ष कथनाची सफाईदार रूपं लिहीत असेल, तर शंका येणारच. यंत्र वापरायचं तर उलट दिशेने वापरा: आधी स्वतः लिहा, मग चुका विचारा आणि त्या वहीत उतरवा.

संस्कृतीचा पेपर

बीअर, ऑक्टोबरफेस्ट आणि नाताळबाजार यांवर हा पेपर निघत नाही. तारखांची माळ जपण्यापेक्षा एक तारीख खोल खणा. ९ नोव्हेंबर घ्या: १९१८ला बर्लिनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा, १९२३ला म्युनिकमध्ये हिटलरचा फसलेला उठाव, १९३८ला ज्यूंवरचे संघटित हल्ले, १९८९ला बर्लिनची भिंत उघडली. एवढ्या एका दिवसावर विसाव्या शतकाचा अर्धा अभ्यासक्रम बसतो, आणि एकीकरणाचा राष्ट्रीय दिवस ९ नोव्हेंबर न ठेवता ३ ऑक्टोबर का ठेवला, या प्रश्नाचं उत्तरही तिथेच सापडतं.

प्रकल्प लिहायचा असेल तर विषय मराठी वाचकाला जवळचा निवडायला हरकत नाही, फक्त तो अरुंद ठेवा. ‘भारत-जर्मनी संबंध’ या विषयाला तळ नाही. त्याऐवजी डॉ. आंबेडकरांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं त्याचा मागोवा घ्या. किंवा इरावती कर्वे यांचं बर्लिनमधलं संशोधन: मानवी कवटीच्या असममितीवरचा प्रबंध, मार्गदर्शक ऑयगेन फिशर, ज्याला वंशश्रेष्ठत्व सिद्ध करायचं होतं, आणि मोजमापांत त्याला हवं ते न सापडल्याचं सांगणारी विद्यार्थिनी. किंवा जर्मन नाटककार ब्रेख्तचं ‘ड्रायग्रोशनओपर’ (१९२८) आणि त्यावरून पु. ल. देशपांड्यांनी केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८): एकच प्रसंग दोन्हींतून घेऊन दहा पानांत तुलना. सबंध नाटकाची तुलना करायला गेलात तर नुसता कथासार उरतो.

बाहेरची परीक्षा

मायनरच्या गुणपत्रिकेवरून तुमची भाषेची पातळी कुणाला कळत नाही. म्हणून पाचव्या सत्राच्या शेवटी बी१ची परीक्षा द्या. गटे इन्स्टिट्यूटच्या बी१मध्ये वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार सुटे भाग आहेत, प्रत्येक १०० गुणांचा, ६० मिळाले की पास. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. वाचनाला ६५ मिनिटं, श्रवणाला ४०, लेखनाला ६०, संभाषणाला सुमारे १५.

लेखनात तीन मजकूर असतात: साधारण ८० शब्दांचा मित्राला ईमेल, ८० शब्दांत एखाद्या विषयावरचं मत आणि ४० शब्दांचा औपचारिक ईमेल. गुण जातात ते बहुधा तिसऱ्यात, कारण वेळ संपतो आणि ‘आपण’साठीचं ‘झी’ सोडून ‘तू’साठीचं ‘डू’ लिहिलं जातं. शिक्षकांना उद्देशून लिहायचं आणि एकेरीत लिहिलं, तर भाषा बिनचूक असूनही गुण कापले जातात. तो ४० शब्दांचा ईमेल आधी लिहून टाकावा.

नोंदणी सुरू झाली की जागा पटकन भरतात, त्यामुळे तारखा दोन-तीन महिने आधीपासून बघत राहा. फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा. प्रमाणपत्रावर मुदत छापलेली नसते, पण ते मागणाऱ्या अनेक संस्थांना दोन वर्षांहून जुनं चालत नाही. पुढे जर्मनीला जायचं असेल तर परीक्षा फार लवकर देऊन ठेवू नका.

जर्मनीत जर्मन साहित्यच शिकायला जाणाऱ्यांसाठी बी१ कामाचं नाही. तिथल्या विद्यापीठांत जर्मन माध्यमातल्या अभ्यासक्रमाला बहुधा टेस्टडाफ या भाषापरीक्षेच्या चारही भागांत चौथी पातळी किंवा डीएसएच या विद्यापीठांच्या भाषापरीक्षेत दुसरी पातळी (डीएसएच-२) मागतात, म्हणजे बी२च्या वर, जवळजवळ सी१. मायनरनंतर किमान एक वर्ष फक्त भाषेसाठी हाताशी ठेवा. आणि इंग्रजी माध्यमातला अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेत असाल, तर प्रवेशाला जर्मन लागत नसली तरी घरमालकाशी, पालिकेच्या खिडकीवर आणि अर्धवेळ नोकरीत बी१ उपयोगी पडतंच.